दहा वाजून दहा मिनिटं

गुरसरायहून निघालेली बस झाशीला पोचली तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. इंदू लघाटे बारा दिवसांनी घरी परतत होती. तिची मोठी बहीण बकुळ न्हाणीघरात घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं आणि तिला उठवायला-बसवायला घरात दुसरं कोणी नव्हतं. बारा दिवस इंदूने तिचं सगळं केलं. आता तिची स्वतःची कंबर बोलायला लागली होती, आणि तिला हवं होतं ते एवढंच : अंघोळ, चहा आणि वरची खोली.

वरची खोली म्हणजे घड्याळांची खोली. मुलींच्या एका इंटर कॉलेजात इंदूने एकतीस वर्षं फिजिक्सच्या लॅबमध्ये सहायक म्हणून काढली होती. नवरा श्रीकृष्ण असताना घरातलं एक लंबकाचं घड्याळ बंद पडलं आणि ती ते बड़ा बाज़ारात इदरीस चाचांच्या दुकानात घेऊन गेली. चाचा म्हणाले, "छोड़ जाइए बहनजी, शाम को ले जाइएगा." ती म्हणाली, "छोड़कर नहीं जाऊँगी, देखूँगी." आणि ती स्टूल ओढून बसली. पुढची सहा वर्षं दर शनिवारी कॉलेज सुटलं की ती त्या स्टुलावर असायची. पहिल्या वर्षी चाचांनी तिला फक्त चाकं पुसायला दिली. दुसऱ्या वर्षी एक अख्खं मशीन खोलू दिलं आणि ते परत जुळवायला तिला दोन महिने लागले. चाचा गेले, त्यांच्या मुलांनी तिथे मोबाईलच्या कव्हरचं दुकान टाकलं, आणि चाचांचा सुटे भाग घट्ट धरायचा लहान शिकंजा नि डोळ्याला लावायचं भिंग इंदूकडे आलं. तेव्हापासून कोणाकोणाकडची जुनी घड्याळं तिच्याकडे यायची. ती पैसे काही घ्यायची नाही. तिला फक्त घड्याळ हवं असायचं, काही महिने, हाताखाली.

बॅग खाली ठेवून ती जिना चढू लागली. तिसऱ्या पायरीवर टिकटिक ऐकू यायला लागायची, रोजची सवय होती. पाचवी पायरी आली तरी काही ऐकू आलं नाही. एकदा दिलेली किल्ली आठच दिवस पुरते, घड्याळं बंद पडली असणार, असं तिने स्वतःला सांगितलं. मग ताज्या रंगाचा वास आला, आणि तिने उरलेल्या पायऱ्या धावत चढल्या.

खोली पांढरी होती. भिंतीवर एकही खिळा नव्हता. खिडकीपाशी तिचं लांब टेबल असायचं, तिथे नवं काळं टेबल होतं, चाकांची खुर्ची होती, तीन पायांच्या दांड्यावर एक गोल दिवा होता. मागच्या भिंतीवर प्लॅस्टिकची हिरवी पानं चिकटवली होती. तिचं टेबल, शिकंजा, तेलाच्या बाटल्या, कशाचा पत्ता नव्हता. चौदा घड्याळं होती. चौदाच्या चौदा गेली होती.

"हर्षित!"

तिची हाक बहुतेक अख्ख्या गल्लीत गेली असेल. मुलगा खालून आला तो हसतच. तो नोएडाच्या एका कंपनीचं काम घरूनच करायचा. गळ्यात इयरफोन लोंबत होते.

"अगं, तू वर आलीस पण? सरप्राईज द्यायचं होतं यार. खाली चहा घे आधी म्हणणार होतो."

"घड्याळं कुठे आहेत?"

"सगळी सेफ आहेत, टेन्शन नको घेऊस."

"कुठे?"

"बृजेंद्रकडे. तो नवीन रेस्टॉरंट काढतोय म्हणालो होतो ना, कानपूर रोडवर? त्याने एक पूर्ण विंटेज वॉल केलीय. आई, तू बघच, काय दिसतात! इथे कोण बघत होतं त्यांना? तिथे रोज शंभर माणसं समोर उभं राहून फोटो काढतात. तुझं नाव पण टाकायचं म्हणतोय तो खाली."

"चालू आहेत का?"

हर्षितला प्रश्नच कळला नाही. "काय चालू?"

"घड्याळं. चालतायत का ती?"

"डेकोरेशन आहे ना आई ते."

इंदूने दाराची चौकट धरली. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. ती हळू बोलली, कारण जोरात बोलली असती तर काय बोलली असती ते तिला माहीत नव्हतं. "त्यातली पाच माझी नव्हती. लोकांची होती. माझ्या भरवशावर ठेवलेली. प्रत्येकाला चिठ्ठी बांधली होती. नाव, गाव, काय बिघडलंय, तारीख. तुला वाचता येतं ना रे?"

"मला काय माहीत... मला वाटलं तुझंच काहीतरी लिहून ठेवलेलं असतं." हर्षितचं हसू आता गेलं होतं. "आणि तू तरी बघ ना. बासष्ट वर्षांची झालीस. दिवसभर त्या रॉकेलच्या वासात बसतेस, डोळे खराब करून घेतेस. मला मीटिंगला खोली नाही. मागून टण् टण् वाजतं, क्लायंट हसतात. किती वेळा बोललो तुला."

"बोललास. मी नाही म्हटलं होतं."

"म्हणून तर..." तो थांबला.

"म्हणून मी बहिणीचं हगणंमुतणं काढायला गेले तेव्हा."

हर्षितच्या मागे सून जाई येऊन उभी होती. जाईचे वडील फौजेत होते, झाशीजवळ बबीन्याला पोस्टिंग असताना हे लग्न जमलं होतं. ती खालच्या आवाजात म्हणाली, "मी म्हटलं होतं, आई येईपर्यंत थांब."

"तू तर राहूच दे," हर्षित म्हणाला.

इंदू खोलीत शिरली. तिने चाकांची खुर्ची धरली आणि ढकलत गच्चीवर नेऊन सोडली. खुर्ची उतारावरून घरंगळत पाण्याच्या टाकीला जाऊन आपटली. मग तिने तो गोल दिवा उचलला, दांड्यासकट, आणि तोही गच्चीवर नेऊन आडवा केला. मग प्लॅस्टिकच्या पानांना हात घातला. ती चर्र करत रंगासकट निघाली.

"आई, टेबलावर लॅपटॉप आहे!"

"मग उचल."

त्याने लॅपटॉप उचलला. टेबल तिला एकटीला हलेना, तेव्हा दुसऱ्या टोकाला जाई आली. दोघींनी ते बाहेर काढलं. तिथे उन्हात उभी राहून इंदू धापा टाकत होती. जाई म्हणाली, "तुमचं टेबल आणि हत्यारं मागच्या शेडमध्ये आहेत. ती मी देऊ दिली नाहीत. आणि चिठ्ठ्यापण माझ्याकडे आहेत."

तिने ओढणीच्या टोकाला बांधलेल्या चौदा चिठ्ठ्या सोडवून तिच्या हातात दिल्या. इंदूने त्यांतल्या पाच वेगळ्या काढल्या. जाई एका चिठ्ठीकडे बोट दाखवून अडखळत म्हणाली, "आई, ही मऊची... आबासाहेब ढवळे. यावर लिहिलंय 'तयार, नऊ फेब्रुवारी'. आता ऑक्टोबर आहे. मग परत का नाही दिलं?"

तिने सहज विचारलं होतं. पण इंदूच्या अंगाचा नुसता भडका उडाला. "तुला कशाला हव्यात चौकशा?" ती म्हणाली आणि चिठ्ठ्या मुठीत घेऊन खाली गेली. राग जाईवरचा नव्हता, हे जिना उतरतानाच तिला कळत होतं.

आबासाहेब ढवळे मऊरानीपुरात राहायचे. तिथल्या शाळेत ते गणित शिकवायचे, निवृत्त होऊनही आता वीस वर्षं झाली होती. इंदूच्या वडिलांना, दामोदरपंतांना, ते ओळखायचे, म्हणून घड्याळ तिच्याकडे आलं. भिंतीवरचं जर्मन बनावटीचं, अक्रोडाच्या लाकडाचं. चालत होतं, पण ठोके चुकत होते. तीन वाजता सात, सात वाजता आठ. चार महिने खपून तिने ते सुधारलं होतं. आणि मग दिलं नव्हतं. कारण त्याचा आवाज. तिच्याकडच्या कुठल्याच घड्याळाचा ठोका तसा नव्हता, खोल, गोल, आणि वाजून झाल्यावर बराच वेळ खोलीत राहणारा. आबासाहेबांचा फोन तीनदा आला. तिन्ही वेळा ती म्हणाली होती, एक सुटा भाग मिळायचाय. भाग वगैरे काही मिळायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता ती एकटीच कानपूर रोडला गेली. खांद्याला कापडी पिशवी होती, तिच्यात हत्यारं. हर्षितला तिने सांगितलं नव्हतं.

रेस्टॉरंट थंडगार होतं आणि जेवणाच्या वेळेमुळे भरलेलं होतं. भिंत शोधावी लागली नाही. दारातून आत पाऊल टाकल्यावर समोरच ती. मागून पिवळा उजेड सोडलेला, आणि त्यावर तिची चौदा घड्याळं नक्षीसारखी मांडलेली. सगळ्यांत दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. काटे हलू नयेत म्हणून तबकडीला गोंदाने चिकटवले होते, गोंदाचे सुकलेले थेंब तिला लांबूनही दिसले. तीन पेट्यांना सोनेरी रंग मारला होता. आबासाहेबांचं घड्याळ मधोमध होतं. त्याच्या काचेतून आतली मागची फळी दिसत होती. आत काहीच नव्हतं. ना लंबक, ना मशीन.

बृजेंद्र काउंटरवरून उठून आला. गोरा, हसरा मुलगा, हर्षितबरोबर शाळेत होता. तिच्या घरी येऊन साबुदाण्याची खिचडी खाल्लेली होती त्याने.

"अरे आंटीजी! आइए आइए. देखा आपने? सब पूछते हैं, कहाँ से लाए."

"मशीनं कुठे आहेत?" ती मराठीतच बोलली, आणि मग लक्षात येऊन हिंदीत. "अंदर की मशीनें कहाँ हैं?"

"वो निकलवा दीं आंटीजी. बहुत भारी हो रही थीं, दीवार पे टिक नहीं रही थीं."

"किसने निकालीं?"

"वो जो बढ़ई आया था, उसी ने. प्लास से." तो सहज म्हणाला, मग तिचा चेहरा बघून सावध झाला. "फेंकी नहीं हैं. ऊपर छत पे रखी हैं, कट्टे में."

प्लासने. काट्यांच्या मधली पिन पक्कडीने ओढली की काट्याचा दांडा वाकतो. तिने पिन नुसती घाईने काढली तरी इदरीस चाचा तिच्या हातावर चापट मारायचे. तिला एकदम त्या सुताराचा हात दिसला, आणि घड्याळ छातीशी धरून ओढणं, पुन्हा ओढणं.

"उतरवा ती. सगळी. अभी."

"आंटीजी, अभी तो लंच चल रहा है. शाम को हर्षित के साथ बैठ के बात कर लेते हैं ना? उसी ने तो कहा था, घर का कबाड़ है, ले जा."

"कबाड़ कहा उसने?"

बृजेंद्रने काउंटरवरच्या पोराला पाणी आणायची खूण केली.

भिंतीला लागून एक टेबल होतं. तिथे एक जोडपं पनीर खात बसलं होतं. "माफ कीजिएगा," असं त्यांना म्हणून इंदूने चपला काढल्या, रिकामी खुर्ची ओढली, खुर्चीवरून टेबलावर चढली. ताटं तिने पायाने नाही, हाताने बाजूला केली. त्या बाईने पाण्याचा ग्लास पटकन उचलून घेतला. इंदूने पिशवीतून पेचकस काढला आणि आबासाहेबांच्या घड्याळाचा वरचा स्क्रू खोलायला सुरुवात केली.

मागे कोणीतरी मोबाईल उभा केला. "आंटीजी, गिर जाएँगी! आंटीजी, नीचे आइए प्लीज!" बृजेंद्र खाली दोन्ही हात पसरून उभा होता, ती पडली तर झेलायला की तिला ओढायला, ते त्यालाही कळत नसावं.

"हात मत लगाना," ती म्हणाली. "ये घड़ी मेरी नहीं है, तेरी भी नहीं, हर्षित की भी नहीं. जिसकी है वो मऊ में बैठा है."

चार स्क्रू होते. चौथा निघाला तशी पेटी तिच्या अंगावर आली. ती पोकळ होती, हलकी, आणि ते हलकेपण तिला सहन झालं नाही. पेटी तिने त्या पनीर खाणाऱ्या माणसाच्या हातात दिली. त्याने ती निमूट धरली. मग ती पुढच्या घड्याळाकडे वळली.

सात घड्याळं उतरवून झाली तेव्हा हर्षित आला. बृजेंद्रने फोन केला असणार.

"आई, खाली ये. लोक व्हिडिओ काढतायत."

"काढू देत."

"घरी चल ना, घरी बोलू. माझी काय इज्जत राहिली इथे?"

तिने पेचकस खाली केला आणि टेबलावर उभी राहूनच त्याच्याकडे पाहिलं. "तू याला सांगितलंस, घरातलं कबाड़ आहे. विकली असतीस, हर्षित, तर निदान त्यांची किंमत तरी केली असतीस. तू कशातलंच काही पाहिलं नाहीस. चिठ्ठी पाहिली नाहीस. मला पाहिलं नाहीस. एकतीस वर्षं मी मुलींच्या पोरकट प्रयोगांच्या बाटल्या धुतल्या, तुझ्या बाबांचे डबे भरले, आणि माझं म्हणून एक काम केलं त्या खोलीत. एकच. आणि तू त्याला कबाड़ म्हणालास."

ती मराठीत बोलत होती. तिथे जेमतेम दोघा-तिघांनाच ते कळत असेल. पण सगळे ऐकत होते.

हर्षितची मान खाली गेली होती. मग, ती आणखी बोलेल असं वाटत असताना, तो दुसऱ्या टेबलावर चढला. "पेचकस आहे दुसरा?" त्याने विचारलं.

तिने पिशवीकडे मान हलवली. उरलेली सात त्याने काढली. वरून तो मशीनांचं पोतं, तो कट्टा, घेऊन आला तेव्हा चाकं एकमेकांवर आपटत होती. तो आवाज ऐकून इंदूने डोळे मिटून घेतले. गाडीत पेट्या रचून झाल्यावर ती म्हणाली, "उद्या रविवार. सकाळी मऊला जायचं. आबासाहेबांना तू सांगायचंस. मी नाही. तू."

"काय सांगू?"

"जे केलंस ते."

त्या दिवशी संध्याकाळी तिने कट्ट्यातून आबासाहेबांच्या घड्याळाचं मशीन वेगळं काढलं. काट्याचा दांडा वाकला होता, तिला वाटलं होतं तसा. ठोक्यांची गणती करणाऱ्या चाकाची एक कडा दबली होती. लंबक ज्या पातळ पत्तीला लटकतो ती तुटून गेली होती. घंटेची तार मात्र शाबूत होती. ती तिने बोटाने हलकेच छेडली आणि लगेच हाताने दाबून बंद केली. तो आवाज ऐकायचा आपल्याला आता हक्क नाही, असं तिला वाटलं.

सकाळी मऊच्या वाटेवर बरुआसागर मागे पडलं. मग हर्षित म्हणाला, "जाई म्हणते, ते घड्याळ फेब्रुवारीतच तयार होतं."

"हो."

"मग तूही..."

"हो. तेही आज सांगणार आहे. पण तू आधी."

मऊत धान्याच्या मंडीमागे ढवळ्यांचं घर होतं, दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. दार आबासाहेबांच्या पत्नीने, रुक्मिणीबाईंनी उघडलं. आबासाहेब आत आरामखुर्चीत बसले होते. इंदू आत आली तेव्हा त्यांनी मान वळवली, पण डोळे तिच्या खांद्यापलीकडे कुठेतरी स्थिरावले.

"कोण आहे?"

इंदू जागच्या जागी थांबली. "मी इंदू. दामोदरपंतांची."

"ये. घड्याळ आणलंस?"

तिने रुक्मिणीबाईंकडे पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, "काचबिंदू. माघापासून जवळजवळ काहीच दिसत नाही. तुला सांगितलं नाही यांनी? मला वाटलं, फोनवर बोलले असतील."

"मी कशाला सांगू?" आबासाहेब खेकसले. "घड्याळ मागायला काय आजारपण दाखवायचं असतं?"

इंदूने पेटी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांचे हात तिच्यावरून फिरले. वरची नक्षी, दाराची कडी, मग काच उघडून आत. आत बोटं रिकाम्या जागेत हलत राहिली. मग तबकडीवरचा सुकलेला गोंद त्यांना लागला. तो ते नखाने खरवडू लागले.

"हे काय?"

"सांग," इंदू हर्षितला म्हणाली.

हर्षित घसा खाकरून म्हणाला, "अंकल, वो गलती से..."

"मराठीत. आणि गलती से नाही."

त्याने सांगितलं. अडखळत, हिंदी-मराठी मिसळत, पण सांगितलं. आई गावाला गेली होती, खोली हवी होती, चिठ्ठी वाचली नाही, मित्राला दिलं, कबाड़ म्हणालो. त्याचा चेहरा लाल झाला होता. आबासाहेब शेवटपर्यंत ऐकत राहिले.

त्यांचा आवाज येण्याआधी इंदू बोलली. "आणि ते फेब्रुवारीतच तयार झालं होतं. कुठलाही भाग मिळायचा नव्हता. मी खोटं बोलले, तिन्ही वेळा. त्याचा ठोका मला आवडायचा. म्हणून ठेवून घेतलं."

पडवीतल्या पत्र्यावर एक माकड धडाधड धावत गेलं. रुक्मिणीबाई पाणी आणायला निघाल्या होत्या, त्या दारातच थांबल्या.

"आठ महिने," आबासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढत नव्हता, तो खाली खाली जात होता, आणि तेच भयंकर होतं. "आठ महिने मी हिला विचारतोय, किती वाजले. पहाटे जाग येते. अंधार आहे की उजेड, ते मला कळत नाही. हिला उठवू का नको, म्हणून पडून राहतो. तुला ठोका आवडायचा म्हणून!"

हर्षित हळू म्हणाला, "अंकल, मोबाईलमध्ये टाईम बोलून सांगतं. मी लावून देतो."

"त्याला विचारावं लागतं!" खुर्चीच्या हातावर त्यांनी इतक्या जोरात थाप मारली की पेटीची काच खणखणली. "हिला विचारावं लागतं, त्याला विचारावं लागतं, सगळ्यांना विचारावं लागतं. ते घड्याळ न विचारता सांगायचं. कळतं का तुला? न विचारता!"

हर्षितला कळलं असावं. तो भिंतीला टेकला आणि मान वर करीना.

"तुझ्या मुलाने न विचारता देऊन टाकलं," आबासाहेब जरा वेळाने इंदूला म्हणाले, "आणि मी विचारूनही तू दिलं नाहीस. माझ्या लेखी कोण जास्त वाईट, ते माझं मी ठरवीन. तू बापाच्या ओळखीवर माझ्या दारात आली होतीस."

काल टेबलावर उभी राहून इंदू जे बोलली होती, ते सगळं खरं होतं. त्यातलं एकही अक्षर ती परत घेणार नव्हती. पण समोर हेही खरं होतं, आणि याच्यावर ओरडायला कोणी नव्हतं.

"मी नीट करून आणते," ती शेवटी म्हणाली.

"आणतेबिणते काही नाही. घड्याळ आता या घरातून बाहेर जाणार नाही. नीट करायचं असेल तर इथे ये. या खोलीत. माझ्यासमोर."

"येईन."

पुढचे सहा रविवार इंदू सकाळच्या बसने मऊला गेली. पहिल्या दोन्ही रविवारी हर्षित म्हणाला, "मी सोडतो," आणि ती म्हणाली, "बस आहे." खिडकीखाली जुन्या चादरीवर ती मशीन खोलून बसायची आणि आबासाहेब आरामखुर्चीत. सुरुवातीला ते बोलायचे नाहीत. तिसऱ्या रविवारी त्यांनी विचारलं, "आता काय करतेयस?" तिने सांगितलं, ठोक्यांच्या चाकाची दबलेली कडा कानशीने सरळ करतेय, या चाकाला खाचा असतात, एका खाचेपासून दुसरीपर्यंत जितकं अंतर तितके ठोके. त्यांनी हात पुढे केला. तिने चाक त्यांच्या तळहातावर ठेवलं. बोटाने खाचा मोजत ते म्हणाले, "एक ते बारा मिळून अठ्ठ्याहत्तर ठोके." गणिताच्या मास्तरांनी ते क्षणात केलं होतं. चाक त्यांनी परत दिलं.

काट्याचा दांडा सरळ करायला दोन रविवार गेले. जास्त जोर दिला असता तर तुटला असता. नवी पत्ती तिने दुसऱ्या एका मोडक्या घड्याळाची काढून बसवली. तबकडीवरचा गोंद गरम पाण्याच्या बोळ्याने भिजवत भिजवत निघाला, पण दहाच्या आकड्याजवळ एक डाग राहिलाच. तो तिने आबासाहेबांना सांगितला. "राहू दे," ते म्हणाले, "मला काय त्याचं?" आणि मग, "पण सांगितलंस ते बरं केलंस."

त्याच दिवसांत तिला दतिया गेटच्या एका बाईंचा फोन आला. तिच्याकडे ठेवलेल्या पाच घड्याळांपैकी एक त्यांचं होतं. त्या म्हणाल्या, तुमचा मुलगा येऊन गेला, सगळं सांगून गेला, माफी मागून गेला. बाकीच्या तिघांकडेही तो गेला होता. घरी तो याबद्दल एक शब्द बोलला नव्हता. इंदूनेही विचारलं नाही. त्याचं काळं टेबल आता खाली दिवाणखान्यात होतं, आणि मीटिंग असली की तो दार लावून घ्यायचा.

सहाव्या रविवारी घड्याळ भिंतीवर चढलं. रुक्मिणीबाईंनी स्टूल धरलं. इंदूने दोन्ही किल्ल्या दिल्या, लंबक हलकेच एका बाजूला सारून सोडला आणि कान लावून दोन्हीकडचं अंतर सारखं पडतंय ना, ते ऐकलं. अकराला सात मिनिटं होती. तिघं बसून राहिली. अकरा वाजता आतून एक खरखर झाली आणि ठोके सुरू झाले. आबासाहेब खुर्चीच्या हातावर बोट टेकवत मोजत होते.

"अकरा," ते म्हणाले.

"अकरा," इंदू म्हणाली.

"तेल किती दिवसांनी लागेल?"

"दोन वर्षांनी."

"मी असलो तर ये. उशीर करू नकोस."

रुक्मिणीबाईंनी तिला गूळ-शेंगदाण्याच्या वड्या बांधून दिल्या. आबासाहेब दारापर्यंत आले नाहीत. माफ केलं, असंही म्हणाले नाहीत, आणि तिने विचारलंही नाही.

झाशीच्या बस स्टँडवर ती उतरली तेव्हा फाटकाशी हर्षित गाडी घेऊन उभा होता. तिने काही न बोलता पिशवी मागच्या सीटवर टाकली आणि पुढे बसली.

"वाजलं?" त्याने विचारलं.

"वाजलं."

त्याने गाडी सुरू केली, पण हलवली नाही. "बाकीची तेरा... मला थोडं शिकवशील? म्हणजे निदान चाकं पुसायला."

"आत्ता नाही."

"अजून राग आहे?"

"हो."

"किती दिवस राहील?"

"मला माहीत नाही, हर्षित. मला माहीत असतं तर सांगितलं असतं." तिने समोर पाहिलं. एक टेम्पो आडवा उभा राहून मागच्या सगळ्यांचा रस्ता अडवत होता. "दार नीट लागलं नाहीये तुझ्या बाजूचं. लाव."

त्याने दार उघडून पुन्हा जोरात लावलं, आणि टेम्पोवाल्याला हॉर्न दिला.